नको असलेले प्रतिबिंब

काशीच्या मुन्शी घाटावर सूर्योदयाच्या वेळी उभ्या राहणाऱ्या माणसाला गंगा लगेच दिसत नाही. आधी दिसते ते तिच्यावरचे तेज. गंगा काशीस उत्तरवाहिनी झालेली आहे. घाटांची सारी रांग तिच्या पश्चिम तीरावर असल्यामुळे घाटांची तोंडे पूर्वेकडे वळलेली आहेत, आणि समोरच्या तीरावर वस्ती नाही, मोकळे वाळवंट आहे. त्यामुळे उगवता सूर्य आणि घाटाच्या पायऱ्या यांच्यामध्ये कसलाच आडोसा राहत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी अर्थखाते सांभाळणारे श्रीधर नारायण मुन्शी यांनी सुमारे 1812 साली हा घाट आणि त्यावरचा पाषाणी वाडा उभारला. पुढे 1915 मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी त्याचा एक भाग विकत घेतला, आणि त्या भागाला दरभंगा घाट असे नाव पडले. उत्तरेला लागूनच अहल्याबाईंचा घाट आहे. मराठी माणसाला ही जागा परकी वाटू नये अशीच आहे. परंतु आजचा विषय घाटाच्या इतिहासाचा नाही. त्या घाटावर रोज सकाळी घडणाऱ्या एका साध्या गोष्टीचा आहे.

ती गोष्ट अशी. सकाळी पायरीवर उभे राहून समोरच्या प्रवाहाकडे दूरवर पाहावे, तो सारा प्रवाह वितळलेल्या धातूसारखा चमकत असतो. त्यात काय आहे, किती खोल आहे, याचा पत्ता लागत नाही. मात्र तीच दृष्टी खाली वळवून स्वतःच्या पायाशी आणावी, तो पाण्याखाली गेलेली पायरी, तिच्यावरचे शेवाळ आणि एखादे बुडालेले झेंडूचे फूल स्पष्ट दिसू लागते. पाणी तेच, सूर्य तोच, डोळाही तोच. बदलला तो केवळ पाहण्याचा कोन. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी अवघे दोन भाग परततात. क्षितिजापासून पाचच अंश वर आलेल्या सूर्याचा प्रकाश तिरका पडला, की त्यातील अर्ध्याहून अधिक भाग परततो. जो पृष्ठभाग माध्यान्ही खिडकी असतो, तोच प्रभाती आरसा होतो. फ्रान्समधील फ्रेनेल या शास्त्रज्ञाने 1823 च्या सुमारास हे प्रमाण काढण्याची सूत्रे मांडली. नावाड्यांना आणि स्नानार्थींना सूत्रे ठाऊक नसली, तरी त्यांतील अर्थ त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. पायरी चाचपताना ते दूर पाहत नाहीत, पायाशी पाहतात.

काच ही या बाबतीत पाण्याचीच बहीण होय. गंगेच्या पाण्याला जो नियम लागू, तोच दिवाणखान्यातील काचेला लागू. म्हणूनच एका सर्वस्वी निराळ्या आणि वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास मुन्शी घाटाचा दाखला उपयोगी पडतो. तो प्रश्न असा: एखाद्या गृहस्थाने घरी पिनबॉलचे यंत्र आणले असेल, तर त्याच्यावरची साधी काच काढून तिच्या जागी प्रतिबिंब न पाडणारी महाग काच बसवावी काय?

पिनबॉल म्हणजे काय, हे मराठी श्रोत्यांना सांगण्यासाठी फार दूर जावयास नको. मराठी घरांतून एके काळी मे महिन्याच्या सुटीत माळ्यावरून खाली येणारा बॅगाटेलचा फळा अनेकांना आठवत असेल. एका टोकाला अर्धगोल असलेली लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेल्या खिळ्यांची कुंपणे, कुंपणांच्या आत लिहिलेले आकडे, आणि उजव्या हाताच्या गल्लीतून काठीने वर ढकलायच्या पोलादी गोळ्या. पिनबॉल हा त्याच फळ्याचा श्रीमंत वंशज. मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने 1871 मध्ये अमेरिकेत बॅगाटेलच्या सुधारणांचे पेटंट घेतले आणि काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या बसविला. 1931 मध्ये डेव्हिड गॉटलिब यांचे ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र बाजारात आले आणि मंदीच्या दिवसांत अमाप खपले. घरच्या फळ्यावर काच नव्हती. कारण तेथे गोळी हाताने हलविणाऱ्या भावंडाला रागे भरण्यास दुसरे भावंड हजर असे. दुकानातील यंत्रापाशी असा पहारा ठेवता येत नाही. म्हणून त्याच्यावर काच आली. तेथूनच प्रतिबिंबाचा प्रश्न सुरू झाला.

तरीही आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा जाचक नव्हता. गोळी एकदा वर गेली, की यंत्राला हलकासा धक्का देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती थोडेच उरे. पुढचे दैवाच्या अधीन होते, आणि दैव पाहण्यास तीक्ष्ण दृष्टी लागत नाही. 1947 मध्ये गॉटलिब यांच्याच कारखान्यातील हॅरी मॅब्स यांनी ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्राला विजेवर उडणारे छोटे पंखे, म्हणजे फ्लिपर, बसविले आणि खेळाचे स्वरूपच पालटले. आता खाली घसरत येणारी गोळी ऐन क्षणी परत उडविता येऊ लागली. तो ऐन क्षण कोणता, हे सांगणार डोळा. खेळ दैवाचा की कौशल्याचा, हा वाद पुढे न्यूयॉर्क शहरात गाजला. महापौर ला गार्डिया यांनी 1942 मध्ये तेथे ही यंत्रे जुगार ठरवून बंद केली होती. 1976 मध्ये रॉजर शार्प यांनी नगरसभेच्या समितीपुढे यंत्र लावून, गोळी कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगितले आणि तसे करून दाखविले. त्यानंतर बंदी उठली. कौशल्याचा हा दावा मान्य केला, की दृष्टीआड येणारी प्रत्येक गोष्ट हा खेळातील अन्याय ठरतो. काचेवर चमकणारा दिवा हा असाच एक अन्याय होय. म्हणून प्रश्न क्षुल्लक असला, तरी पोकळ नाही.

आता यंत्राची रचना पाहावी. प्रचलित यंत्रावरील काच बहुधा 21 इंच रुंद, 43 इंच लांब आणि पाव इंचाहून किंचित कमी जाडीची असते. ती टफन्ड, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेली असते, कारण तिच्याखाली सुमारे 80 ग्रॅम वजनाची पोलादी गोळी वेगाने धावत असते. खेळाचा फळा साडेसहा अंशांच्या आसपास कललेला असतो, आणि त्याच्या मागच्या टोकाला चित्रांनी व दिव्यांनी उजळलेली एक उभी पेटी असते. खेळणारा पुढच्या टोकाशी उभा राहतो. त्याची दृष्टी जवळच्या फ्लिपरवर बरीचशी वरून पडते, पण फळ्याच्या दूरच्या टोकाकडे ती तिरकी होत जाते. मुन्शी घाटावरच्या माणसाचीच ही स्थिती: पायाशी स्वच्छ, दूरवर झगमगाट.

साध्या काचेकडे सरळ पाहिले, तर तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातील चार भाग प्रकाश परततो. काचेला पृष्ठभाग दोन. तेव्हा एकंदर आठ भाग झाले. दृष्टी लंबापासून 60 अंश तिरकी झाली, की दर पृष्ठभागामागे हे प्रमाण नवाच्या घरात जाते. 80 अंशांवर ते चाळिसाच्या जवळ पोहोचते. मात्र केवळ प्रमाण पाहून भागत नाही. ज्या वस्तूचे प्रतिबिंब पडते ती किती तेजस्वी, आणि काचेखालची वस्तू किती उजळ, यांची तुलना खरी महत्त्वाची. काळ्या भिंतीचे आठ टक्के कोणाच्या नजरेस येत नाहीत. उघड्या बल्बचे आठ टक्के मात्र गोळी गिळून टाकतात.

अशी तेजस्वी वस्तू घरात दोन ठिकाणी असते. एक खोलीत: छतावरची ट्यूब, भिंतीवरचा दिवा, पाठीमागची खिडकी. दुसरी यंत्रातच: मागची उभी पेटी. पहिलीवर घरधन्याची सत्ता चालते. दुसरी यंत्राचेच अंग आहे. तिचा उजेड मंद करता येतो, पण ती हलविता येत नाही. काच घ्यावी की न घ्यावी, याचे उत्तर बहुतांशी या एका भेदावर अवलंबून आहे. परंतु त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी बाजारातील एका शब्दाचा घोटाळा दूर करावयास हवा.

तो शब्द म्हणजे ‘अँटी-ग्लेअर’. चष्म्याच्या दुकानात हा शब्द उच्चारला, की दुकानदार जांभळी किंवा हिरवट झाक मारणारे भिंग दाखवितो. तसबिरीच्या काचा विकणाऱ्याकडे हाच शब्द उच्चारला, तर तो पुष्कळदा बारीक खरखरीत पृष्ठभागाची, धूसर दिसणारी काच पुढे करतो. नाव एक आणि वस्तू दोन. त्यांचे काम करण्याचे मार्ग इतके भिन्न आहेत, की एकीच्या गुणांवर विसंबून दुसरी विकत घेणाऱ्याची निखालस फसगत व्हावी.

खरखरीत काच परतणारा प्रकाश कमी करीत नाही. ती तो विसकटून टाकते. दिव्याचे रेखीव प्रतिबिंब मोडते आणि त्याच्या जागी फिकट धुके पसरते. तसबिरीत चित्र काचेला चिकटून असल्यामुळे ही युक्ती खपून जाते. परंतु जी काच वरून येणारा प्रकाश विसकटते, ती खालून येणारा प्रकाशही विसकटते, आणि वस्तू काचेपासून जसजशी दूर जाते तसतशी ती अधिक पुसट होते. घरच्या घरी याचा पडताळा पाहता येतो. वर्तमानपत्रावर ट्रेसिंगचा कागद टेकवून ठेवला, तर अक्षरे वाचता येतात. तोच कागद चार बोटे वर उचलला, की ओळी नाहीशा होतात. पिनबॉलचा फळा काचेला चिकटलेला नसतो. तो काही बोटे खाली असतो, आणि मागच्या बाजूला त्याहूनही खोल. म्हणजे तसबिरीला चालणारी स्वस्त काच येथे घेणे हे पैसे वाचविणे नव्हे. एक त्रास देऊन दुसरा विकत घेणे होय. या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे उत्तर त्यामुळे निर्विवाद आहे: खरखरीत काच या यंत्रासाठी घेऊच नये.

उरली ती लेप दिलेली काच. तिची कथा मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्क येथील भिंगे घडविणाऱ्या डेनिस टेलर यांच्या ध्यानात आले, की काळाने डागळलेली जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. जुनेपणाचा पातळ थर काचेला उपकारक ठरत होता. हा उपकार कृत्रिम रीतीने घडवून आणण्याचे पेटंट त्यांनी 1904 मध्ये घेतले. परंतु रसायनांनी काच हुकमी डागळविणे साधेना. 1935 मध्ये जर्मनीतील झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून तिचा थर भिंगावर बसविण्याची रीत सिद्ध केली. तिकडे अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी 1938 मध्ये एका रेणूच्या जाडीचे 44 थर एकावर एक चढवून जवळजवळ अदृश्य काच करून दाखविली. केंब्रिज विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांचा थर फार नाजूक होता, बोटानेही पुसला जाई. पण तत्त्व लखलखीत सिद्ध झाले.

ते तत्त्व असे. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून प्रकाशाची एक लाट परतते आणि खालच्या पृष्ठभागावरून दुसरी. थराची जाडी प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी ठेवली, तर दुसरी लाट नेमकी अर्ध्या लाटेने मागे पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना निस्तेज करतात. परतू न शकलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो काचेतून पलीकडे जातो. अशी काच प्रतिबिंब कमी करते आणि शिवाय खालचे दृश्य किंचित उजळ करते, हा तिचा दुहेरी लाभ. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा एक थर मिलिमीटरच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाइतका जाड असतो. तो काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरचे चार टक्के सव्वा टक्क्याच्या आसपास आणतो. निरनिराळ्या पदार्थांचे अनेक थर चढविले, तर ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. डोळ्याला सर्वांत जाणवणारा हिरवा प्रकाश शमविण्यावर भर असल्यामुळे उरलेल्या प्रतिबिंबात लाल व निळा यांचे मिश्रण राहते. चष्म्याची जांभळी झाक ती हीच.

गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. थराची जाडी सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी बेतलेली असते. दृष्टी फार तिरकी झाली, की तिचा प्रभाव उणावतो आणि रंगाची झाक पालटते. म्हणजे यंत्राच्या दूरच्या टोकाला, जेथे मदतीची गरज सर्वांत जास्त, तेथे मदत थोडी कमी मिळते. अर्थात साध्या काचेपेक्षा स्थिती तेथेही पुष्कळ बरी असते. दुसरा दोष बोटांच्या ठशांचा. साध्या काचेच्या झगमगाटात तेलकट ठसा लपून जातो. लेपाच्या काचेवर भोवतालचे प्रतिबिंबच नाहीसे झाल्यामुळे तो एकटा उठून दिसतो. ज्या घरात मुले काचेवर तळवे टेकून खेळ पाहतात, तेथे रोज मऊ कापड हाती घ्यावे लागेल, आणि खरखरीत फडके किंवा घासण्याची पूड तिला वर्ज्य. तिसरा दोष ओरखड्यांचा. यंत्राची पुढची धातूची पट्टी काढून काच खोबणीतून सरकवावी लागते. दर खेपेला लेपाच्या कडा घासल्या जातात. टफन्ड काचेचा एक स्वभावही ध्यानी ठेवलेला बरा: ती मधोमध मार सोसते, पण कडेवर घाव बसला की क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. अशी काच फरशीवर कडेने उभी करू नये. खाली घोंगडी किंवा पुठ्ठा अंथरावा. साधी काच फुटली तर हळहळ वाटते. तिच्या कित्येक पट किमतीची काच फुटली तर घरात दोन दिवस शांतता नांदते.

आता फुकटच्या उपायांकडे वळावे; कारण विवेकी गृहस्थ खर्चाकडे शेवटी वळतो. खोलीतील दिवा खेळणाऱ्याच्या डोक्यावरून बाजूला सरकविणे, त्याला झडप लावणे, त्याचा प्रकाश छताकडे वळविणे, यंत्राचे तोंड खिडकीपासून फिरविणे, दाट पडदा लावणे, मागच्या पेटीचा उजेड उतरविणे, एवढ्याने पुष्कळ यंत्रांचा विकार बरा होतो. एक चुकीची समजूत मात्र टाळावी. खोलीत पूर्ण काळोख केला म्हणजे सर्व प्रतिबिंबे जातात, असे नाही. खोलीतील दिव्यांची जातात. पण मागच्या पेटीचे प्रतिबिंब काळोखात अधिकच ठसठशीत दिसते. शिवाय काळोखात डोळ्याची बाहुली विस्तारते आणि फळ्यावरचे लुकलुकणारे दिवे अधिक बोचू लागतात. भिंतीवर मागच्या बाजूने पडणारा सौम्य उजेड हा मध्यममार्ग.

आणखी एक उपाय आहे, आणि त्याच्यामागे आपल्याच देशातील एका थोर संशोधकाची आठवण आहे. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हे इंग्लंडहून ‘नरकुंडा’ बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा थोरामोठ्यांचे मत होते. पाण्यावरून विशिष्ट कोनात परतणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा असतो, हे ब्रूस्टर यांच्या 1815 च्या नियमामुळे ज्ञात होते. पाण्यासाठी तो कोन सुमारे 53 अंशांचा आणि काचेसाठी सुमारे 56 अंशांचा. रामन यांनी त्याच कोनातून निकोलच्या लोलकाद्वारे समुद्राकडे पाहिले आणि पृष्ठभागावरचे आकाशाचे प्रतिबिंब शमविले. प्रतिबिंब गेले, पण निळाई गेली नाही; उलट ती अधिक गडद झाली. रंग पाण्याच्याच रेणूंतून विखुरत होता. नको असलेले प्रतिबिंब दूर सारल्यामुळे वस्तूचे खरे रूप कळले, याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण.

पोलराइज्ड चष्मा हे त्या लोलकाचे बाजारी रूप. पिनबॉलच्या दूरच्या टोकाकडे पाहणाऱ्याची दृष्टी नेमकी या कोनाच्या आसपास असते. म्हणून असा चष्मा लावताच तेथील झगमगाट आश्चर्यकारक रीतीने मावळतो. मात्र तो सगळेच दृश्य निम्म्याहून अधिक अंधुक करतो, आणि काही यंत्रांवरील पडदे त्यातून काळे दिसतात. घरात बसून काळा चष्मा लावून खेळणाऱ्याकडे घरची माणसे कोणत्या नजरेने पाहतील, हा विचार वेगळाच. रोजच्या खेळासाठी तो सोयीचा नाही. परंतु प्रतिबिंब गेल्यावर काय पदरात पडेल, हे खर्च करण्यापूर्वी पाहण्यास तो उत्तम.

त्याहून सोपी परीक्षाही आहे. लेपाची सर्वांत उत्तम काच म्हणजे जणू काच नसणेच. तेव्हा यंत्रावरची काच जपून काढावी, गोळी न उडविता दिवे लावून फळ्याकडे नेहमीच्या जागेवरून पाहावे, मग काच पुन्हा बसवून पाहावे. जगातील कोणतीही महाग काच या दोन दृश्यांतील अंतराहून अधिक काही देऊ शकत नाही. ते अंतर डोळ्याला जाणवलेच नाही, तर पैसा वाचला. ते जाणवले, तर खोलीचे दिवे मालवावे. त्याने काम भागले तर दोष दिव्याचा होता, काचेचा नव्हे. दिवे मालवूनही झगमगाट राहिला, तर मागच्या पेटीवर क्षणभर काळे कापड टाकावे. कापडाने तो गेला, म्हणजे त्याचे मूळ यंत्रातच आहे. त्याला घरातील कोणतीही फेररचना पुरी पडणार नाही.

एवढ्या परीक्षेनंतर निर्णय अवघड राहत नाही. ज्याचे यंत्र दिवाणखान्यात खिडकीसमोर आहे आणि जो महिन्यातून दोनदा पाहुण्यांबरोबर खेळतो, त्याने पडद्यावर खर्च करावा. ज्याला यंत्र विकून लवकरच दुसरे घ्यावयाचे आहे, त्याने साध्या काचेवर समाधान मानावे. तथापि जुन्या व नव्या यंत्राचे माप एकच असेल, तर काच काढून ठेवून नव्यावर चढविता येते, हेही त्याने विसरू नये. ज्याच्या घरी खोलीची जागा ठरलेली आहे, दिवे हलवून झाले आहेत, मागच्या पेटीचे चित्र तरीही फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर तरंगते, आणि जो रोज संध्याकाळी मनापासून खेळतो, त्याच्यासाठी लेपाची काच ही चैन नव्हे. वर्षानुवर्षे रोज वापरात येणारी वस्तू तिच्या किमतीने नव्हे, वापराच्या दिवसांनी भागून पाहावी. असा भागाकार केला, की महाग वाटणारी पुष्कळशी वस्तू स्वस्त ठरते, आणि स्वस्तात घेतलेली पुष्कळशी महाग.

ज्याने ही काच घेतली, त्याला पहिल्या दिवशी एक अनुभव हमखास येतो. यंत्रावर काचच नाही, असा भास होऊन हात पुढे जातो आणि बोटे गार पृष्ठभागावर आपटतात. त्या पृष्ठभागावर पहिला ठसा उमटतो तो मालकाचाच. मग तो कापड शोधू लागतो.

मुन्शी घाटावर मात्र कोणी लेप चढवीत नाही. तेथे सूर्य वर चढतो, नदीवरचे तेज आपोआप ओसरते, आणि तोवर ज्याला पायरी हवी असते तो दृष्टी पायाशी आणतो. ज्यांना दिवसभर घाटावरच बसावयाचे असते, त्या घाटियांनी बांबूच्या मोठ्या छत्र्या उभारलेल्या असतात. ऊन फिरले की छत्रीही तिरकी होते. कोन बदलावा, आडोसा करावा, आणि एवढे करूनही काम भागत नसेल तरच बाजाराकडे वळावे, हा क्रम गंगेच्या पाण्याला जितका लागू, तितकाच घरातल्या एका खेळाच्या काचेलाही लागू आहे.